मधुमेहावर यंत्रांचा पहारा

२९ नोव्हेंबर २०१९ची मध्यरात्र उलटली. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या सणाची सुट्टी सुरू होती. तेथील अनेक घरांत आईवडिलांनी रोजच्याप्रमाणे मोबाइल उशाशी ठेवला होता आणि ते निर्धास्तपणे झोपी गेले होते. शेजारच्या खोलीत झोपलेल्या मुलाला ‘टाइप वन’ प्रकारचा मधुमेह. त्याच्या दंडावर किंवा पोटावर नाण्याएवढे एक यंत्र चिकटवलेले. ते यंत्र दर पाच मिनिटांनी मुलाच्या शरीरातील साखरेचे प्रमाण मोजते, तो आकडा इंटरनेटमार्गे दूरवरच्या सर्व्हरकडे जातो आणि तेथून आईवडिलांच्या मोबाइलवर येतो. साखर धोकादायक पातळीखाली घसरली, तर मोबाइल किंचाळून त्यांना जागे करतो. ही व्यवस्था कित्येक महिने चोख चालली होती. त्या रात्री मात्र डेक्सकॉम या कंपनीचा सर्व्हर बंद पडला आणि दूरच्या मोबाइलवर इशारा पोहोचवणारी सेवा ठप्प झाली. खुद्द रुग्णाजवळचे यंत्र काम करीत होते. पण झोपलेल्या मुलाला स्वतःच्या यंत्राचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून तर आईवडिलांनी ती सेवा घेतली होती. सकाळी उठल्यावर त्यांना कळले, की रात्रभर आपण कोणत्याही पहाऱ्याविना झोपलो होतो. सेवा पूर्ववत होण्यास काही दिवस लागले आणि कंपनीला दिलगिरी व्यक्त करावी लागली.

या घटनेतील खरी भीती बिघाडापेक्षाही निराळीच आहे. मोबाइल गप्प आहे, याचा अर्थ ‘मूल सुखरूप आहे’ असाही होतो आणि ‘संपर्क तुटला आहे’ असाही होतो. त्या रात्री या दोन शांततांमधला फरक सांगणारे कोणी नव्हते.

वैद्यकक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्ता आणि इंटरनेटला जोडलेली उपकरणे यांविषयी जे बोलले जाते, ते बहुधा दोन टोकांचे असते. एक टोक चमत्काराचे, दुसरे भयाचे. नेमके काय घडते आहे हे समजून घ्यायचे, तर मधुमेहासारखे दुसरे उदाहरण नाही. या एकाच आजारात शरीराला चिकटलेला संवेदक आहे, स्वतः निर्णय घेणारा पंप आहे आणि डोळ्याचे छायाचित्र पाहून निदान करणारी संगणकप्रणालीही आहे. शिवाय हा प्रश्न आपल्या उंबरठ्याच्या आतला आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत, तर आणखी १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत.

चार आकड्यांवरून २८८ आकड्यांकडे

बोटाला सुई टोचून, रक्ताचा थेंब पट्टीवर घेऊन साखर मोजण्याची पद्धत बहुतेक घरांना परिचित आहे. दिवसातून चार वेळा तपासणी केली, तर चार आकडे मिळतात. दोन आकड्यांच्या मधल्या काळात काय घडले, रात्री दोन वाजता साखर किती होती, हे मात्र अज्ञातच राहते. सतत मोजणारा संवेदक दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला २८८ आकडे देतो. चार छायाचित्रांऐवजी संपूर्ण चित्रपट पाहायला मिळावा, तसा हा फरक आहे. आकड्यापेक्षाही त्याची दिशा अधिक महत्त्वाची असते. साखर १०० आहे आणि स्थिर आहे, ही एक गोष्ट झाली. १०० आहे आणि झपाट्याने घसरते आहे, ही सर्वस्वी वेगळी गोष्ट.

या संवेदकाचा केसासारखा बारीक धागा त्वचेखाली जेमतेम काही मिलिमीटर शिरलेला असतो. त्यावर एका विकराचा थर असतो. ग्लुकोजशी त्याची रासायनिक क्रिया होते, तीतून अत्यंत सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि त्या प्रवाहावरून साखरेचे प्रमाण काढले जाते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवायला हवा. हा धागा रक्तात नसतो. तो पेशींच्या मधल्या द्रवात असतो. धरणाचे दार उघडले, तरी पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचायला वेळ लागतो. त्याचप्रमाणे रक्तातील साखरेत झालेला बदल या द्रवात उमटायला काही मिनिटे, बहुधा पाच ते पंधरा मिनिटे, लागतात. साखर स्थिर असताना या विलंबाने काही बिघडत नाही. ती वेगाने घसरत असेल, तर पडद्यावर ८५ दिसत असताना रक्तात ती ७०च्या खाली गेलेली असू शकते.

म्हणूनच घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलण्यात गोंधळ जाणवला आणि पडद्यावरचा आकडा मात्र ‘ठीक’ असला, तर विश्वास शरीरावर ठेवायचा आणि बोटातून रक्त घेऊन खात्री करायची, असे वैद्यक सांगते. काही संवेदकांचे आकडे ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेने, तर काही जुन्या संवेदकांचे पॅरासिटामॉलसारख्या साध्या औषधानेही चुकतात. यंत्राची पुस्तिका न वाचण्याची आपली सवय येथे महागात पडू शकते.

पंपाला ताटातले दिसत नाही

संवेदक केवळ सांगतो. त्याच्या सांगण्यावरून इन्सुलिनची मात्रा आपोआप कमी-जास्त करणारा पंप जोडला, की स्वादुपिंडाचे काम यंत्राकडे येते. ही कल्पना नवी नाही. १९७०च्या दशकात ‘बायोस्टेटर’ नावाचे असे यंत्र तयार झाले होते. मात्र ते रुग्णाच्या खाटेशेजारी ठेवावे लागे, इतके अवजड होते. कमरेला लावून हिंडता येईल अशा मेडट्रॉनिक कंपनीच्या प्रणालीला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०१६मध्ये परवानगी दिली. अशा प्रकारची ती पहिलीच मान्यताप्राप्त प्रणाली होय. साखरेचा कल पाहून पुढील काही वेळात ती कोठे जाईल याचा अंदाज बांधायचा आणि त्यानुसार इन्सुलिनचा संथ प्रवाह वाढवायचा किंवा थांबवायचा, हे तिचे काम.

तरीही या प्रणालीला ‘अर्धस्वयंचलित’ म्हटले गेले, कारण जेवणापूर्वी रुग्णाने आपण किती कर्बोदके खाणार आहोत हे पंपाला सांगावे लागते. त्वचेखाली टोचलेले इन्सुलिन कामाला लागण्यास वेळ घेते. साखर चढल्याचे पंपाला कळून त्याने इन्सुलिन सोडेपर्यंत जेवणाचा अंमल पुढे निघून गेलेला असतो. उपवासाच्या दिवशी पुढ्यात साबुदाण्याची खिचडी आहे की नुसते ताक, हे पंपाला दिसत नाही. ते माणसानेच सांगायचे असते आणि माणसाचा अंदाज चुकला, की पंपाचे गणितही चुकते.

या पंपांच्या इतिहासात एक विलक्षण प्रकरण आहे. कंपन्या आणि सरकारी परवानग्या यांची वाट पाहून कंटाळलेल्या काही रुग्णांनी आणि पालकांनी २०१३च्या सुमारास ‘आम्ही थांबणार नाही’ अशा अर्थाची घोषणा देत एक चळवळ सुरू केली. संवेदकाचे आकडे इंटरनेटवर आणण्याची युक्ती त्यांनी शोधली आणि ती सर्वांना विनामूल्य खुली केली. पुढे अमेरिकेतील डेना लुईस यांनी घरच्या घरी पंप आणि संवेदक यांची सांगड घालणारी प्रणाली तयार केली. २०१५मध्ये तिचा आराखडाही सर्वांसाठी खुला झाला. मात्र या प्रणालीसाठी विशिष्ट जुनेच पंप लागत, कारण त्या पंपांच्या बिनतारी संदेशांना पुरेसे संरक्षण नव्हते आणि म्हणूनच बाहेरून आज्ञा देऊन ते चालवता येत.

हे उघडे दार इतरांनाही दिसले होते. जे रॅडक्लिफ हे संगणक-सुरक्षातज्ज्ञ स्वतः मधुमेही. २०११ साली लास व्हेगास येथील परिषदेत त्यांनी स्वतःच्याच पंपावर बाहेरून ताबा मिळवता येतो, हे जगाला दाखवून दिले. जून २०१९मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मेडट्रॉनिकच्या काही जुन्या पंपांबाबत जाहीर इशारा दिला. जवळ असलेली परकी व्यक्ती त्यांची मात्रा बदलू शकेल, हा धोका होता आणि त्या पंपांत सुधारित आज्ञावली भरण्याची सोयच नव्हती. ते बदलून घेणे एवढाच उपाय उरला. ज्या फटीतून एका आईला मुलाचा पंप अधिक सुरक्षितपणे चालवता आला, त्याच फटीतून वैरीही आत शिरू शकत होता. जोडलेल्या उपकरणांचा सगळा पेच या एका उदाहरणात सामावला आहे.

धोका नेहमी वैऱ्याकडूनच येतो, असेही नाही. २०२४ साली टँडम या कंपनीच्या पंपासोबतचे आयफोनवरील ॲप एका दोषामुळे वारंवार बंद पडून पुन्हा सुरू होऊ लागले. दर वेळी ते पंपाशी ब्लूटूथवरून संपर्क साधी आणि त्या हेलपाट्यांत पंपाची बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर संपे. बॅटरी संपली, की इन्सुलिन बंद. त्या वर्षीच्या एप्रिलच्या मध्यापर्यंत रुग्णांना इजा पोहोचल्याच्या २२४ तक्रारी नोंदवल्या गेल्या. सुदैवाने मृत्यूची नोंद नव्हती. पंपाचे यंत्र निर्दोष होते, इन्सुलिन शुद्ध होते. दोष होता तो दोहोंना जोडणाऱ्या आज्ञावलीत.

डोळ्याचे छायाचित्र, संगणकाचे निदान

मधुमेहाचा घाव सर्वांत गुपचूप बसतो तो डोळ्यावर. वाढलेल्या साखरेने दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात, त्यांतून रक्त आणि द्रव झिरपतो. प्रारंभी रुग्णाला काहीच जाणवत नाही. नजर धूसर होईपर्यंत बरेच नुकसान झालेले असते आणि गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. वेळीच आजार सापडला, तर लेसर किंवा इंजेक्शनच्या उपचारांनी नजर वाचवता येते. म्हणून प्रत्येक मधुमेहीने, दिसण्याची काहीही तक्रार नसली तरी, नियमितपणे दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी असा सल्ला दिला जातो. दहा कोटी लोकांचे डोळे नियमाने तपासायचे, तर तेवढे नेत्रतज्ज्ञ आणायचे कोठून, हा खरा प्रश्न आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचे काम येथे सुरू होते. गूगलच्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दृष्टिपटलाची १ लाख २८ हजार १७५ छायाचित्रे वापरली होती. ती अमेरिकेतून आणि भारतातील मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयासह तीन रुग्णालयांतून आलेली होती. एकेक छायाचित्र तीन ते सात डॉक्टरांनी तपासले. एकूण ५४ डॉक्टर या कामी लागले. इतक्यांचे मत घ्यावे लागले, कारण एकाच छायाचित्रावर तज्ज्ञांचेही एकमत होत नाही. ही उत्तरांसह छायाचित्रे संगणकाला दाखवली गेली. रक्तस्राव कसा दिसतो, हे त्याला कोणी शिकवले नाही. उत्तर चुकले, की त्याच्या आतील लक्षावधी गणिती दुव्यांत किंचित बदल होई आणि हे असंख्य वेळा होत होत तो तज्ज्ञांच्या तोडीस तोड उत्तरे देऊ लागला. मात्र ‘असे का?’ या प्रश्नाचे उत्तर तो माणसासारखे देऊ शकत नाही.

एप्रिल २०१८मध्ये अमेरिकेने ‘आयडीएक्स-डीआर’ या प्रणालीला मान्यता दिली. डॉक्टरने छायाचित्र न पाहताही या आजाराविषयी निर्णय देण्याची मुभा असलेली अशी ही पहिलीच प्रणाली. ९०० रुग्णांवरील चाचणीत, सौम्यपेक्षा अधिक आजार असलेल्यांपैकी ८७.४ टक्के लोकांना तिने ओळखले आणि तसा आजार नसलेल्यांपैकी ८९.५ टक्के लोकांना तसे बरोबर सांगितले.

हे आकडे ऐकायला उत्तम वाटतात. त्यांचा अर्थ पडताळून पाहू. समजा, हजार मधुमेहींची तपासणी झाली आणि त्यांपैकी शंभर जणांना खरोखर असा आजार आहे. यंत्र त्यांतील ८७ जणांना पकडेल, १३ जण निसटतील. उरलेल्या ९०० निरोगी डोळ्यांपैकी सुमारे ८०५ जणांना ते ‘ठीक’ म्हणेल आणि ९५ जणांना विनाकारण मोठ्या डॉक्टरांकडे धाडेल. म्हणजे पुढे पाठवलेल्या १८२ जणांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना आजार नसेल. तेव्हा यंत्राने पुढे पाठवले म्हणून हातपाय गाळायचे नाहीत, आणि ‘ठीक’ म्हटले म्हणून पुढच्या तपासणीला दांडीही मारायची नाही.

मुंबईचा दवाखाना आणि थायलंडचा अनुभव

मुंबईतही असा एक प्रयोग झाला आहे. २०१८ साली मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आलेल्या मधुमेहींच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेण्यात आली. विशेष म्हणजे निदान करणारी आज्ञावली त्या फोनमध्येच होती. इंटरनेटची गरजच नव्हती. विश्लेषणात घेतलेल्या २१३ जणांपैकी पुढे पाठवण्याजोगा आजार १५ जणांना होता आणि यंत्राने ते पंधराही जण ओळखले. उरलेल्या १९८ जणांपैकी १७५ जणांबाबत त्याचा निर्णय बरोबर ठरला. निकाल आशादायक आहे यात शंका नाही. तथापि पंधरापैकी पंधरा म्हणजे शंभर टक्के असले, तरी पंधरा ही संख्या लहान आहे. असे प्रयोग हजारोंच्या संख्येने व्हावे लागतात, तेव्हा त्यावर भरवसा टाकता येतो.

थायलंडमध्ये २०१८-१९ या काळात गूगलची प्रणाली ११ दवाखान्यांत प्रत्यक्ष वापरली गेली, तेव्हा प्रयोगशाळेबाहेरचे जग कसे असते हे दिसून आले. पहिल्या सहा महिन्यांत प्रणालीकडे पाठवलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे ‘तपासण्यायोग्य नाहीत’ म्हणून तिने नाकारली. अनेक ठिकाणी खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता. एखादी किरकोळ छटा सोडून नीट दिसणारे छायाचित्रही परत आल्याने परिचारिका वैतागत. इंटरनेट संथ असे, त्यामुळे रांग खोळंबे. नियमाप्रमाणे, छायाचित्र नाकारले गेलेल्या रुग्णाला तज्ज्ञाकडे जावे लागे. ज्याला दिवसाची मजुरी बुडवून दूरच्या रुग्णालयात जायचे आहे, त्याला हा ‘सावधपणा’ परवडणारा नव्हता. पुढे जाण्याची भीती वाटून कोणी तपासणीच नाकारली, तर यंत्राची अचूकता काय कामाची? ते गावोगावच्या आरोग्यकेंद्रांत न्यायचे, तर आधी खोलीला पडदा, विजेची हमी आणि पुढच्या उपचारांची सोय लागते, हा धडा महाराष्ट्रालाही तितकाच लागू आहे.

जबाबदार कोण?

यंत्राचा निर्णय चुकला आणि रुग्णाची दृष्टी गेली, तर दोष कोणाचा? डॉक्टरचा, रुग्णालयाचा की आज्ञावली लिहिणाऱ्या कंपनीचा? भारतात १ एप्रिल २०२०पासून वैद्यकीय उपकरणांच्या कायदेशीर व्याख्येत आज्ञावलीचाही समावेश झाला. त्यामुळे निदान करणारी संगणकप्रणाली ही केवळ ‘ॲप’ न राहता औषधासारखीच नियंत्रणाखाली आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ साली कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वैद्यकीय वापरासाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. रुग्णाची संमती, सुरक्षितता आणि उत्तरदायित्व यांवर त्यांत भर आहे. अर्थात मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे.

दुसरा प्रश्न माहितीच्या मालकीचा. दिवसाला २८८ आकडे म्हणजे माणसाची दिनचर्याच. तो केव्हा जेवतो, रात्री किती वाजता काही खातो, व्यायाम करतो की नाही, हे सारे त्यांतून उलगडते. ही माहिती विमा कंपनीच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या हाती पडली, तर तिचा वापर रुग्णाविरुद्धही होऊ शकतो. संसदेने २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संमत केला. त्यानुसार माहिती वापरण्यासाठी स्पष्ट संमती हा पाया मानला आहे. परंतु ॲप सुरू करताना लांबलचक अटींखाली ‘मान्य आहे’ असे न वाचता दाबण्याला संमती म्हणावे का, हा प्रश्न उरतोच. माहिती साठवणाऱ्या व्यवस्था किती नाजूक असतात, याचा अनुभव नोव्हेंबर २०२२मध्ये दिल्लीच्या ‘एम्स’ने घेतला. सायबर हल्ल्यामुळे तेथील सर्व्हर बंद पडले आणि देशातील अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस नोंदणीपासून अहवालांपर्यंतचे काम कागद-पेनाने चालवावे लागले. कागदावर काम करण्याची सवय शाबूत होती, म्हणून ते चालले तरी.

घ्यावे, पण पारखून

या साऱ्याचा अर्थ यंत्रे नकोत, असा नव्हे. ज्या रुग्णाला रात्री झोपेत साखर उतरण्याची भीती छळते, त्याच्यासाठी संवेदक वरदान आहे. ज्या तालुक्यात नेत्रतज्ज्ञ नाही, तेथे दवाखान्यातला कॅमेरा अनेकांची नजर वाचवू शकतो. फक्त काही गोष्टींची चौकशी आधी करायला हवी. या उपकरणाला मान्यता आहे का? संपर्क तुटला तर ते तसे सांगते का? ते बंद पडले तर पर्याय काय? त्याची माहिती कोठे साठते? मोबाइल बदलला किंवा त्याची प्रणाली अद्ययावत केली, की इशाऱ्याचा आवाज चालू आहे ना, हे तपासून पाहावे. मोबाइलच्या सेटिंगमुळे मधुमेहींना महत्त्वाचे इशारेच ऐकू येत नसल्याच्या तक्रारींवरून अमेरिकेच्या प्रशासनाने फेब्रुवारी २०२५मध्ये तसा सावधगिरीचा सल्ला दिला होता. त्वचेला न टोचता साखर मोजल्याचा दावा करणारी घड्याळे आणि अंगठ्या यांपासून दूर राहण्याचा इशाराही त्याच प्रशासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये दिला होता. अशा वस्तूच्या आकड्यावरून इन्सुलिनची मात्रा ठरवणे प्राणावर बेतू शकते. आणि संवेदक कितीही चांगला असला, तरी बोटातून रक्त तपासण्याचे जुने यंत्र आणि त्याच्या पट्ट्या कपाटात असाव्यात.

पूर्वी गावात रात्री गस्त घालणारा पहारेकरी दर काही वेळाने हाळी देत असे. चोर आलेला नसतानाही तो ओरडे आणि ती हाळी ऐकून लोक कुशीवर वळून निश्चिंत झोपत. तो जागा आहे, हे त्या हाळीतून समजे. आजच्या यंत्रांकडूनही हीच अपेक्षा करायला हवी. संकट आले की ओरडणे एवढेच पुरेसे नाही. ‘मी जागा आहे’ हेही त्यांनी सांगत राहिले पाहिजे. आणि ती हाळी थांबली, तर उठून दिवा लावण्याचे काम माणसानेच करायचे आहे.